लोकसंख्येचं पान

मला एका गावाचा हेवा वाटतो. गाव अमेरिकेत आहे, आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या पश्चिम काठावर. मी तिथे आजवर एकदाच गेले आहे, तीन दिवसांसाठी, आणि तिन्ही दिवस मला त्यात खोट सापडली नाही म्हणून माझं डोकं दुखत होतं. तरी त्या गावाबद्दल मला जितकं ठाऊक आहे तितकं लंडनमधल्या वेम्बलीबद्दल नाही, आणि वेम्बलीत मी सोळा वर्षं राहते आहे. तिथल्या टेकड्या कोणत्या दगडाच्या, नदी कुठे वळते, पहिल्या गिरण्या कशाच्या होत्या, माणसं कधी आली आणि कधी निघून गेली, काहीही विचारा. हे मी हौसेने शिकले नाही. ते माझ्या धाकट्या बहिणीचं गाव. एका हिवाळ्यात आईने माझ्या सोफ्यावर बसून त्याचा अभ्यास केला, आणि सोबत माझ्याकडूनही करून घेतला.

आई सांगलीला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. आम्ही दोघी त्याच शाळेत होतो. मी अ तुकडीत, आणि अ तुकडीच्या भूगोलाला दुसऱ्या बाई होत्या. धाकटी ब तुकडीत गेली आणि तिला तीन वर्षं आईचा तास मिळाला. घरी आई दोघींची होती, शाळेत मात्र ती फक्त हिची बाई. धाकटीच्या वहीत लाल शाईचे शेरे असायचे. ‘नकाशा सुबक.’ ‘उत्तर दिशा दाखव.’ ‘घाई केली आहे.’ ती झोपली की मी ती वही काढून शेरे वाचायचे. एकदा मी माझी वही ब तुकडीच्या गठ्ठ्यात सरकवून ठेवली होती. आईने तपासायला घेतली, नाव बघितलं, आणि ही आपली नाही म्हणून न उघडताच बाजूला ठेवली. ती हे केव्हाच विसरली असेल. मी चाळिशी ओलांडली तरी माझ्या लक्षात आहे, यावरून माझा स्वभाव कळावा.

बाबा गेल्यानंतर आई सांगलीत एकटी राहायला लागली. मग आमचं असं ठरलं की सहा महिने तिने सांगलीत राहायचं आणि सहा माझ्याकडे. व्हिजिटर व्हिसावर यायचं, मुदत संपायच्या आत परत जायचं. दर वर्षी हीथ्रोला सोडताना मी पुढच्या वेळची तारीख मनात धरून घरी यायचे. कायमचं राहता येईल का, हे विचारायला मी इल्फर्डच्या एका सॉलिसिटरकडे गेले होते. त्याने आईची तब्येत विचारली. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की ती रोज पाऊण तास चालते, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करते, मोतीबिंदू सोडला तर काही दुखणं नाही. तो म्हणाला, मग केसच होत नाही. अंथरुणाला खिळली असती आणि तिकडे करायला कोणी नसतं, तर कदाचित काही करता आलं असतं. म्हणजे आई धडधाकट होती हीच या देशाच्या दृष्टीने तिची अडचण होती. परत येताना ट्रेनमध्ये मला रडू आलं आणि समोरच्या बाईने मला टिश्यू दिला.

धाकटीला असल्या कटकटी कधी करायला लागत नाहीत. ती अमेरिकन नागरिक झाली, तिने आईसाठी फॉर्म भरला, आणि वर्ष-दीड वर्षात मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतल्या मुलाखतीपर्यंत गोष्ट आली. ग्रीन कार्ड मिळालं की आईने तिकडेच राहायचं होतं. माझ्याकडचे सहा महिने संपले असते. फक्त एकच गोष्ट बाकी होती, आईने अजून हो म्हटलं नव्हतं. तिला सांगली सोडवत नव्हती, शाळेतल्या मैत्रिणी होत्या, फुलझाडं होती. धाकटी फोनवर विचारायची आणि आई म्हणायची, “बघू.” त्या ‘बघू’च्या आधारावर मी तो हिवाळा काढला.

त्यात आईने एक दिवस ईलिंग रोडवरच्या भारतीय दुकानातून दोनशे पानी वही आणली. सांगलीच्या कुणा मैत्रिणीने तिला सांगितलं होतं की मुलाखतीत विचारतात, कुठे राहणार, त्या गावाची काय माहिती आहे. असले प्रश्न नागरिकत्वाच्या परीक्षेत असतात, तेही देशाबद्दल, कुठल्या तरी गावाबद्दल नाही. मला हे माहीत होतं. पण आईने भूगोलाची शिक्षिका म्हणून तो निरोप ऐकला आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. जिथे राहायला जायचं त्या गावाची माहिती माणसाला नको? उलट न विचारणारे अधिकारी तिला बेजबाबदार वाटले असते. जायचं की नाही ते नंतर बघू, म्हणाली, तयारी तर असू दे.

मी तिची चूक दुरुस्त केली नाही. त्याला कारण होतं. माझा नवरा कार्डिफला हॉस्पिटलात काम करतो. सोमवारी सकाळी जातो, शुक्रवारी परततो. मधले दिवस मी ऑफिस आणि घर यांच्यामध्ये एकटीच असते. हे दिवस मला खायला उठतात हे मी आईला कधीही सांगितलेलं नव्हतं. तिने विचारलं की म्हणायचे, छान आहे गं, शांतता मिळते, माझं माझं आवरता येतं. आणि आता ऑफिसमधून आलं की घरात दिवा लागलेला, चहा गाळलेला आणि टेबलावर वही उघडलेली असायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला स्क्रीनकडे फार वेळ बघवत नव्हतं, म्हणून मी लॅपटॉपवरून वाचायचं, मराठीत सांगायचं आणि तिने लिहायचं. गाव धाकटीचं असलं तरी आई माझ्या टेबलाशी बसलेली होती. मी तेवढ्यावर समाधान मानत होते.

तिची पद्धत ठरलेली होती. कुठल्याही जागेची आधी चतुःसीमा लिहायची, म्हणजे चारी दिशांना काय आहे ते. मग भूरचना, हवामान, इतिहास आणि शेवटी लोकसंख्या. लोकसंख्या शेवटी का, तर आधीचं सगळं कळल्याशिवाय माणसं तिथे का राहतात हे कळत नाही, असं ती वर्गात सांगायची म्हणे. मला धाकटीकडून कळलं होतं. पहिल्या पानावर तिने लिहिलं: पूर्वेस मिसिसिपी नदी व पलीकडे इलिनॉय राज्य, पश्चिमेस मक्याची व सोयाबीनची शेते, उत्तरेस चुनखडीच्या टेकड्या, दक्षिणेस नदीचे वळण व सखल जमीन. खाली नकाशा काढला, नदीला निळी पेन्सिल फिरवली.

सखल जमीन म्हटल्यावर मला संधी दिसली. त्या गावात पूर येतात. मी पुराचे फोटो शोधून काढले, दुकानांच्या दारात वाळूची पोती, बागेतली बाकं पाण्याखाली, आणि लॅपटॉप तिच्यापुढे धरला. डोळे बारीक करून तिने बघितले आणि विचारलं, “पातळी किती होती?” मी विसरले होते की ही बाई सांगलीची आहे. आमच्याकडे पावसाळ्यात माणसं कृष्णेवरच्या पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं ते बघून मग नाश्ता करतात. मी शोधलं तर त्या गावच्या नदीची पातळीसुद्धा रोज जाहीर होते असं निघालं. त्या दिवसापासून आईला ती रोज हवी. सकाळी मी बूट घालत असताना ती विचारायची, आज किती, आणि मी जिना उतरता उतरता फोनवर मिसिसिपीची पातळी बघून तिला ओरडून सांगायचे. खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकूंना वाटायचं, आम्ही शेअर मार्केट खेळतो.

थंडीचंही तसंच झालं. तिथे हाडं गोठवणारी थंडी पडते, नदी गोठते, घराबाहेर पडता येत नाही, असं मी मीठमसाला लावून सांगितलं. तिने शांतपणे विचारलं की नदी सगळीकडे गोठते का. नाही गोठत. बंधाऱ्याखाली पाणी वाहतं राहतं, आणि तेवढ्या पाण्यातले मासे पकडायला उत्तरेकडचे गरुड हिवाळाभर तिथे येऊन राहतात. आईने हवामानाच्या पानावर गरुड लिहिले आणि खाली रेघ ओढली. मला त्या गरुडांचासुद्धा राग आला. आमच्याकडे हिवाळ्यात कचऱ्याच्या पिशव्या फाडणारे कोल्हे येतात.

इतिहासाला आम्हाला दोन आठवडे लागले. आधी तिथे मूळ लोकांची वस्ती होती, त्यांची मक्याची शेतं होती. करार करून त्यांना तिथून हटवलं गेलं. आईने ‘करार’ हा शब्द लिहिला, थोडा विचार करून त्याला अवतरणचिन्हं घातली. मग जर्मनीकडून माणसं आली. उत्तरेच्या जंगलातली झाडं तोडून ओंडक्यांचे मोठमोठे तराफे नदीतून खाली सोडायचे आणि या गावाच्या गिरण्यांत त्यांच्या फळ्या पाडायच्या. गिरण्यांचे मालक गबर झाले, टेकडीवर वाडे बांधून राहिले. जंगल संपलं तशा गिरण्या बंद पडल्या. नंतर कोणाला तरी सुचलं की नदीतल्या शिंपल्यांतून गोल चकत्या कापल्या की त्यांची शर्टाची बटणं होतात. मग गावभर बटणांचे कारखाने निघाले, घरोघरी बायका बटणं कार्डावर शिवून द्यायला लागल्या. शिंपले संपत आले, प्लॅस्टिक आलं, तेही बंद झालं. पुढे मोठे कारखाने, त्यातले काही बंद पडले, काही राहिले. धाकटीचा नवरा त्या राहिलेल्यांपैकी एकात शेतीच्या यंत्रांचा इंजिनियर आहे.

बटणांनी आईला वेड लावलं. तिने आपल्या स्वेटरची बटणं खिडकीपाशी नेऊन पारखली, ती प्लॅस्टिकची निघाली. मग ती हाय रोडवरच्या, जुने कपडे विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये जुने ब्लाउज उलटेपालटे करायला लागली. तिसऱ्या का चौथ्या खेपेला तिला शिंपल्याची बटणं मिळाली. तिने अख्खा ब्लाउज घेतला, बटणं काढून स्वेटरला लावली आणि ब्लाउजचं माझ्याकडे भांडी पुसायचं फडकं झालं. ही बटणं त्याच गावची असतील असं काही नाही, मी म्हटलं. ती म्हणाली, नसतीलही. माझ्या घरी राहून, मी घेतलेल्या स्वेटरवर ती धाकटीच्या गावची बटणं लावून फिरत होती. मला इतकं झोंबलं की दोन दिवस मी तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

शेवटी मी तिला आमची नदी दाखवायला नेलं. आमच्या घरामागच्या पार्कातून ब्रेंट नावाची नदी वाहते. रविवार होता, ऊन होतं. पुलावरून आईने खाली पाहिलं. घोटाभर पाणी, त्यात सुपरमार्केटची एक ट्रॉली आडवी पडलेली, ट्रॉलीवर एक बदक. आईने बराच वेळ बघितलं. मी म्हटलं, हीसुद्धा नदीच आहे, हिचीही पातळी मोजतात. आई म्हणाली, “हो, नदी आहे.” कच्च्या मुलीला धीर द्यावा तसा तिचा सूर होता. परतताना मी मनाशी म्हटलं, तुझ्या वहीत वेम्बलीला एक ओळ नाही. थेम्सला नाही, लंडनला नाही. चार हिवाळे तू इथे काढलेस आणि या गावाची तुला कधी चौकशी करावीशी वाटली नाही. हे मी तोंडाने बोलले असते तर पुढचं सगळं टळलं असतं.

लोकसंख्येच्या पानाला आम्ही मार्च महिन्यात पोचलो. त्या संध्याकाळी आईचा डोळा चुरचुरत होता. तिने थेंब घातले आणि डोळे मिटून सोफ्यावर पडली. आज तू लिही, म्हणाली, मी सांगते. मी तिचा पेन घेतला. दर दहा वर्षांनी गाव किती वाढलं, किती घटलं ते लिहिलं. लाकडाच्या दिवसांत वाढ, मग घट, बटणांबरोबर पुन्हा वाढ, कारखाने बंद पडल्यावर घट. मी मुद्दाम सांगितलं की आई, हे गाव रिकामं होत चाललेलं आहे. ती डोळे न उघडता म्हणाली, “मग मी एक वाढेन.” माझा हात तिथेच थांबला. इतक्या दिवसांच्या ‘बघू’नंतर ती पहिल्यांदाच असं बोलत होती.

मग तिने विचारलं की तिथे मराठी माणसं किती आहेत. हे जनगणनेत नसतं, मी म्हटलं. मग धाकटीला विचार, ती म्हणाली. मी मेसेज केला. धाकटीचं उत्तर लगेच आलं. चौदा घरं आहेत, शिवाय कारखान्यात नवीन आलेली मुलं-मुली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे चर्चच्या हॉलमध्ये जमतात, डबे आणतात. दोन आज्या आधीपासून आहेत, त्यातली एक मिरजेची. आईला सांग, सगळे तिची वाट बघतायत, आणि पुढे हसरे चेहरे.

मी ते दोनदा वाचलं. मिरज. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर. धाकटीला गरुड मिळाले, नदी मिळाली, मुलं, बाग, आईचा तास, आणि आता वर मिरजेची आजीसुद्धा. आईने विचारलं, आलं का उत्तर? मी म्हटलं, आलं. आणि वहीत, माझ्या अक्षरात, लिहिलं: मराठी माणसे: फक्त हे एकच घर. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. माझा आवाज जराही हलला नाही.

आई उठून बसली. एकच घर, तिने परत विचारलं. मी मान डोलावली. तिने चहाचा कप धुऊन ठेवला आणि मला फक्त एवढं सांगितलं की धाकटीजवळ हा विषय काढू नको, तिला लागेल. मला वाटलं, झालं काम. या वयात जिथे बोलायला माणूस नाही त्या गावात ती कशाला जाईल? त्या रात्री मला छान झोप लागली. ही गोष्ट लिहायला लाज वाटते, पण झोप लागली खरी.

सकाळी मी टोस्टला बटर लावत होते. आई स्वेटर घालून समोर येऊन बसली, बटणं लावलेली, वरपासून खालपर्यंत.

“मी ठरवलं,” ती म्हणाली. “मी तिकडे जाते.”

मी म्हटलं, अगं पण तिथे कोणी नाही.

“म्हणून तर. इतकी वर्षं ती तिथे एकटी राहिली आणि आपल्याला कधी बोलली नाही. तुझ्याकडे काय, अख्खा ईलिंग रोड आहे. मंदिर आहे, खालच्या काकू आहेत. तुला काही लागत नाही.”

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. चौदा घरं आहेत, मी खोटं लिहिलं, असं म्हणायला किती वेळ लागतो? पण मग का लिहिलंस हे तिने विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर देणं मला खोटं बोलण्यापेक्षा अवघड होतं. माझी ट्रेन होती. मी टोस्ट हातात घेऊन निघाले. जिन्यात असताना तिने वरून विचारलं, आज किती, आणि मी तिला पातळी सांगितली.

एप्रिलमध्ये मी तिला हीथ्रोला सोडलं. या वेळी पुढची तारीख मनात धरायला नव्हती. वही तिच्या हातातल्या पिशवीत होती. सिक्युरिटीच्या रांगेत शिरायच्या आधी तिने मला विचारलं, काही सांगायचं राहिलंय का? प्रवासाला निघताना ती नेहमीच विचारते, गॅस बंद केला का, पासपोर्ट घेतला का, तशातलंच मी ते धरलं. नाही, म्हटलं, काही राहिलं नाही.

मुलाखत जेमतेम दोन मिनिटांत उरकली. अधिकाऱ्याने विचारलं, कोणाकडे राहणार, मुलगी काय करते, आणि व्हिसा मंजूर आहे म्हणून सांगितलं. गावाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. आईला ते फार लागलं. फोनवर म्हणाली, वही मी उघडून तयार ठेवली होती, निदान बटणांचं तरी विचारायचं. मी हसले, ती नाही हसली.

सप्टेंबरात ती धाकटीकडे गेली. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी माझ्या फोनवर फोटो आला. चर्चचा हॉल, लांब टेबलं, डबे, पंचवीस-तीस माणसं. मध्यभागी खुर्चीवर आई, मोतिया साडीवर माझा स्वेटर. शेजारी एक आजी तिच्या कानाशी काही बोलते आहे आणि आई तोंडावर हात ठेवून हसते आहे. ती मिरजेचीच असणार. मी फोटो मोठा करून आईचा चेहरा बघत राहिले. इतकी हसताना मी तिला माझ्या घरात कधी बघितलं नव्हतं. आधी हेवाच वाटला, भीती नंतर आली.

तीन दिवस फोन आला नाही. मी धाकटीला काहीबाही मेसेज करून तिच्या उत्तरांतून काही कळतं का बघत होते. तिला काही कळलेलं दिसत नव्हतं. आई मजेत आहे, तुझी आठवण काढते, असंच ती लिहायची. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसमधून येऊन बूट काढत होते तेव्हा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार होती. आई नदीकाठच्या बाकावर बसलेली होती. धाकटीने फोन तिच्या हातात दिला, मला हात केला आणि गाडीत काही आणायला गेली.

आईने वही उघडली आणि ते पान कॅमेऱ्यासमोर धरलं. पानावर ऊन पडलं होतं, म्हणून मला दिसायला वेळ लागला. माझी ओळ लाल शाईने खोडली होती. एकच सरळ रेघ, पट्टी लावून मारलेली, खालचं अक्षर वाचता येईल अशी. तिच्याखाली आईच्या अक्षरात: मराठी घरे चौदा. माणसे त्रेपन्न, मी धरून. आणि बाजूला समासात शेरा होता. ‘चूक. कारण समजले.’

त्याखाली तिची सही होती, शाळेत करायची तशी लहानशी. माझ्या अक्षरावर तिने मारलेला हा पहिला शेरा. मी बूट हातात धरून दाराशीच खाली बसले.

तिला बोललीस का, मी विचारलं. धाकटीला. आईने नकारार्थी मान हलवली. वर्गात एका मुलीची चूक मी दुसरीला कधी दाखवली नाही, म्हणाली. चर्चच्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी आईने सगळ्यांसमोर म्हटलं होतं की मला वाटलं इथे कोणीच नाही, आणि धाकटीने चकित होऊन विचारलं होतं, असं तुला कोणी सांगितलं. त्यावर आईने सांगितलं की माझाच वाचताना घोळ झाला, डोळ्यांमुळे. शिकवण्याच्या बत्तीस वर्षांत जिने स्वतःची एक चूक कबूल केली नव्हती, पाठ्यपुस्तकातला नकाशा चुकला असं सांगायला जी थेट पुण्याला पत्र लिहायची, ती बाई चारचौघांत म्हणाली, माझा घोळ झाला.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. सॉरी हा शब्द इतका इंग्रजी वाटला की मी तो टाळला. मी म्हटलं, मला तू तिकडे जायला नको होतीस. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, तेही सात महिने उशिरा, फोनवर, डाव्या हातात बूट धरून. मग एकदा सुरू झाल्यावर सगळंच बोलून गेले. सोमवार ते शुक्रवार. रिकामं घर. ईलिंग रोडवर भाजी मिळते, बोलायला माणूस मिळत नाही. तिच्या वहीत माझ्या गावाची एक ओळ नाही. ब तुकडीचा गठ्ठासुद्धा सांगितला. आई ऐकत राहिली. तिच्यामागून एक लांबलचक मालवाहू नाव हळूहळू चालली होती, ती पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत मी बोलत होते.

“तुझं गाव मी कशाला लिहू?” आई म्हणाली. “जिथे वाट चुकायची भीती असते तिथली माहिती लिहून न्यायची असते. तुझ्याकडे मी नुसती पिशवी घेऊन यायची.”

मग म्हणाली, “मी विमानतळावर तुला विचारलं होतं, काही राहिलंय का.”

म्हणजे तेव्हाच तिला कळलं होतं का, कसं कळलं होतं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी दुसरंच विचारलं. तेव्हा सांगितलं असतं, इथेच राहा म्हटलं असतं, तर राहिली असतीस?

“राहता आलं नसतं. त्यांनी राहू दिलं नसतं,” आई म्हणाली. “पण निघताना मला ते माहीत असतं.”

धाकटी गाडीकडून परत येताना दिसली, हातात शाल होती. तिने ती आईच्या खांद्यांवर घातली, पुढून नीट केली. मला तेव्हाही हेवा वाटला, त्यात मी खोटं बोलणार नाही. आईने वही मिटली. निरोप घ्यायच्या आधी तिने विचारलं, तुझ्या ब्रेंटला आज पाणी किती आहे? मला माहीत नव्हतं. बघून सांगते, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनला जायच्या आधी मी पार्कातून वळसा घालून पुलावर गेले. रात्री पाऊस पडून गेला होता. पाणी गढूळ होतं, घोट्याच्या बरंच वर आलेलं, ट्रॉलीची फक्त दांडी दिसत होती. पुलाच्या खांबाजवळ फुटपट्टीसारखी एक पाटी रोवलेली आहे हे मला सोळा वर्षांत पहिल्यांदा दिसलं. त्यावरचा आकडा मी आईला लिहून पाठवला. त्याखाली लिहिलं, मला तू इथे हवी आहेस. मग मी पुलावर उभी राहून उत्तराची वाट बघत राहिले, आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं की तिकडे पहाटेचे दोन वाजले असतील.